कुराकाकेचा लाल खांब

१२ एप्रिल २०१४, शनिवार

दार सापडायला दोन दिवस लागले. यंदा बर्फ खालच्या मजल्याच्या खिडक्या गिळून वर आला होता. योशिनोरी वरच्या खिडकीतून आत उतरले आणि आतून ओरडले, "उंदरांनी चार गाद्या खाल्ल्यात. बाकी सगळं जिवंत आहे." मी बाहेरून फावड्याने खणत राहिले. दार उघडल्यावर तोच वास आला. बंद लाकडाचा आणि आंबवलेल्या सोयाबीनच्या जुन्या मिसोचा. एकवीस वर्षं हा वास आला की मला वाटतं, आता वर्ष सुरू झालं.

दुपारी खांबाकडे गेले. घरापासून तीनशे मीटरवर, दरीच्या कडेला सासऱ्यांनी रोवलेला लोखंडी खांब. दरवर्षी मीच त्याला लाल रंग देते. एप्रिलमध्ये इथे खाली बर्फ पांढरा, वर धुकं पांढरं, हेलिकॉप्टर चालवणाऱ्याला कुठे जमीन संपते तेच कळत नाही. म्हणून रोज सकाळी साडेपाचला खालच्या हेलिकॉप्टर तळावरून वायरलेसवर विचारतात, "कुराकाके, खांब?" कुराकाके म्हणजे आमचं हे गिर्यारोहकांचं घर. खांब दिसत असेल तर "दिसतोय" म्हणायचं, नसेल तर "नाही." दिसला तर हंगामाचं सामान येतं, नाही तर नाही.

हे काम योशिनोरींच्या आईने, माझ्या सासूबाईंनी, मला लग्नाच्या पहिल्याच वर्षी दिलं. त्यांची शिस्त कडक होती. खिडकीतून बघायचं नाही. बूट घालून बाहेर दगडावर उभं राहायचं, दहा श्वास मोजायचे, मग सांगायचं. "धुकं थट्टा करतं," त्या म्हणायच्या. "दाखवतं आणि काढून घेतं. दहा श्वास टिकलं तरच बोल."

आज रंग दिला. बोटं अजून लाल आहेत.

१६ एप्रिल, बुधवार

चौथा दिवस. धुकं हलत नाही. सकाळचं वायरलेस मात्र ऐकण्यासारखं असतं. डोंगरावरची सगळी घरं एकाच चॅनलवर बोलतात आणि सामान आधी मिळावं म्हणून सगळी खोटं बोलतात. वरच्या कड्यावरच्या ताकेबोरा या घराचे माकिउचि-सान सत्तरीचे आहेत, पण सगळ्यात बेरकी.

"ताकेबोरा, कसं आहे?" तळावरून हामाजिमा-सानचा आवाज. हेलिकॉप्टर तेच चालवतात. अकरा वर्षं आमच्या कड्यांवर तेच येतात.

"ऊनच ऊन! मला तर जपानचा समुद्र दिसतोय."

"मग दोन मासे पकडून ठेवा. कुराकाके, खांब?"

"नाही," मी म्हटलं.

"मग आज नाही."

"अहो ओकामी-सान," माकिउचि-सान मध्येच ओरडले. घराच्या मालकिणीला सगळे असंच म्हणतात. "पाळी तुमची पहिली, मग तुमच्या एका खांबापायी आम्ही म्हातारे काय बर्फ खाऊ?"

"बर्फ पचायला हलका असतो, म्हातारबुवा," हामाजिमा-सान म्हणाले आणि सगळे हसले.

योशिनोरी हसले नाहीत. त्यांनी नोंदवहीत लिहिलं, "५.३० – खांब दिसत नाही." वायरलेसची नोंद तेच ठेवतात. त्यांचं अक्षर छापल्यासारखं आहे. मी बघते आणि सांगते, ते लिहितात. लग्न म्हणजे बहुतेक हेच.

१९ एप्रिल, शनिवार

आज आभाळ उघडलं. दहा श्वास काय, वीस मोजले तरी खांब जागेवर होता. तीन फेऱ्या झाल्या. तांदूळ, डिझेल, बटाटे, गाद्या. गॅसच्या टाक्या, भाज्या आणि बिअर अजून खालीच आहे. दुपारी पुन्हा दरीतून धुकं चढायला लागलं, तेव्हा थांबवलं.

तिसऱ्या फेरीला हामाजिमा-सान उतरले. रिकामे डबे न्यायचे होते. नुमाता-सान, हेलिकॉप्टरखाली टांगायच्या सामानाच्या जाळ्या आणि दोर बघणारे, डबे बांधत होते, तेवढ्यात हामाजिमा-साननी सीटमागून एक चपटी पेटी काढली. स्ट्रॉबेऱ्या. दरवर्षी पहिल्या उतरण्याला आणतात. कारण काही नाही. वर हिरवं-लाल काही नसतं म्हणून.

"यंदा लहान आहेत," ते म्हणाले. "पाऊस झाला. पुढच्या फेरीला मोठ्या आणतो."

मी म्हटलं, "तुम्ही सगळ्या घरांना आणता का?"

"माकिउचि-सानना दिल्या तर ते म्हणतील कलिंगडं मिळाली." मग टोपी नीट करत म्हणाले, "बाकीच्यांचं ऐकतो आणि अर्धं करतो. ते तीनशे मीटर म्हणाले की मी दीडशे धरतो. तुमचं ऐकतो तेवढंच धरतो."

पंखे फिरायला लागले आणि सगळं उडालं, माझा रुमालही.

योशिनोरी जाळी गुंडाळत होते. नंतर म्हणाले, "तुला स्ट्रॉबेऱ्या, मला डिझेल. वाटणी बरी आहे." मी त्यांना अर्ध्या दिल्या. त्यांना आंबट लागल्या.

२२ एप्रिल, मंगळवार

धुकं. सव्वीसला घर उघडायचं आहे. त्र्याहत्तर जणांचं बुकिंग आहे. उरलेल्या गॅसवर आम्हा दोघांचं कसंबसं होईल, त्र्याहत्तर जणांचं नाही.

सकाळी मी "नाही" म्हटल्यावर तळाने आमची पाळी मागे टाकली. आता ताकेबोराची, मग दक्षिणेच्या घराची, मग आमची.

योशिनोरी म्हणाले, "पाहुण्यांना तुझा खरेपणाच शिजवून घाल. गॅस लागत नाही त्याला."

मी म्हटलं, "अहो, दिसत नाही तर काय सांगू?"

"माकिउचि काय सांगतो? चाळीस वर्षं सांगतोय. मेला का कोणी?"

खरं आहे. कोणी मेलं नाही. हामाजिमा-सान त्यांचं अर्धं धरतात म्हणून नाही मेलं, हे मी बोलले नाही. हामाजिमा-सान मला काय म्हणाले ते मला घरात सांगायचं नव्हतं. का नव्हतं, माहीत नाही. एवढीशी तर गोष्ट.

२३ एप्रिल, बुधवार

सकाळी नाही. आठला नाही. दुपारी तासभर उजळलं, मी दगडावर जाऊन उभी राहिले, सातव्या श्वासाला खांब गेला.

संध्याकाळी केस धुतले. योशिनोरी स्वयंपाकघरात आले, पातेल्यातून वाफ निघताना पाहून म्हणाले, "गॅस संपत आलाय आणि तू केस धुतेस?"

मी म्हटलं, आठवडाभर बर्फ खणून घामाचा वास येतो. ते बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "उद्या येईल बहुतेक."

मी विचारलं, "काय?"

"सामान," ते म्हणाले.

२४ एप्रिल, गुरुवार

साडेपाचला नाही. आठला नाही.

नऊ चाळीसला हामाजिमा-सानचा आवाज थेट वरूनच आला. ताकेबोरा धुक्याच्या वर होतं. तिथे जाळी सोडून ते आमची जाळी घेऊन आले होते. त्यांनी खांबाचं विचारलं. मी सांगितलं.

आवाज आला. जवळ आला, खांबाच्या बाजूने. मग छपरावरून बर्फ घसरतो तसा एक आवाज झाला. मग काहीच नाही.

योशिनोरी हातात पेन धरून उभे होते. मी दहा श्वास मोजले. मग अजून दहा.

२५ एप्रिल, शुक्रवार

सकाळी आभाळ इतकं स्वच्छ की डोळे दुखले. पोलिसांचं हेलिकॉप्टर वीस मिनिटांत आलं.

हेलिकॉप्टर खांबाच्या खाली दरीच्या भिंतीत सापडलं. खांबापासून दोनशे मीटर. दोघेही. नुमाता-सान बाहेर फेकले गेले होते. हामाजिमा-सान पट्ट्यातच होते.

आमची जाळी त्यांनी आपटण्याआधी सोडून दिली होती. ती वर सपाटीवर सापडली, जवळजवळ आख्खी. पोलिसांनी फोटो काढले आणि म्हणाले, नाशवंत आहे ते उचला, बाकीही घ्या, तपासाला ते नको. योशिनोरींनी घसरगाडीवरून चार खेपा केल्या. गॅसच्या टाक्यांना पोचाही नव्हता.

मी म्हटलं, "अहो, यातलं नको."

"मग कशातलं?" ते म्हणाले. "त्यानं आणलं ना? आणायचं होतं म्हणूनच आणलं. वाया घालवायचं?"

२६ एप्रिल, शनिवार

घर उघडलं. त्र्याहत्तरपैकी साठ आले. ज्यांनी बातमी पाहिली होती ते हळू बोलत होते, ज्यांनी पाहिली नव्हती ते जोरात. दोघांनी खांबापाशी उभं राहून फोटो काढले. एकाने मला विचारलं, "अपघात नेमका कुठून दिसतो?"

रात्रीच्या जेवणाला कोबी, गाजर, डुकराचं मांस घालून करी केली. सगळी भाजी जाळीतली. चाळीस माणसांनी दुसऱ्यांदा वाढून घेतलं.

सकाळच्या पावाबरोबर द्यायला योशिनोरींनी मुरंबा केला होता. लाल. मी विचारलं, "हा कशाचा?"

"स्ट्रॉबेरीचा. सामानात फोमची पेटी होती. चेंदल्या होत्या, म्हणून साखर घालून शिजवल्या."

"आपण मागवल्या नव्हत्या."

"नव्हत्याच," ते म्हणाले आणि बरण्या घेऊन बाहेर गेले.

पेटी मागच्या कचऱ्यात सापडली. झाकणावर जाड पेनने लिहिलं होतं, "कुराकाके. आधी ही आत न्या." हाताने पुसलं, पण ते पुसायच्या शाईने लिहिलेलं नव्हतं.

२७ एप्रिल, रविवार

या वहीत तरी लिहायला हवं.

गुरुवारी मी बाहेर गेले नव्हते. बूट ओले होते, शेगडीपाशी वाळत ठेवले होते. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून पाहिलं. काचेत लाल काहीतरी होतं. तो माझ्या मागच्या फळीवरचा लाल थर्मास होता. रोज सकाळी तो काचेत दिसतो. आजपर्यंत एकदाही मी त्याला खांब समजले नाही. त्या दिवशीही समजले नाही.

हामाजिमा-सान म्हणाले, "कुराकाके, खांब? नसेल तर जाळी खाली नेतो, आता दोन दिवस जमणार नाही."

मागून योशिनोरी म्हणाले, "बोल. एक तर शब्द आहे."

मी म्हटलं, "दिसतोय."

हामाजिमा-सान म्हणाले, "बाहेर जाऊन पाहिलंत?"

मी म्हटलं, "हो."

"मग येतो," ते म्हणाले. हसून म्हणाले. तो आवाज माझ्या कानात तसाच आहे.

एकदा मला वाटतं, योशिनोरी मागे उभे नसते तर मी बोलले नसते. मग वाटतं, "आता दोन दिवस जमणार नाही" हे हामाजिमा-साननी म्हटलं नसतं तर. माझे केस त्या दिवशी अजून ओलसर होते. ते का आठवतंय मला? त्याचा काय संबंध?

२ मे, शुक्रवार

तपास करणारे दोघे चढून आले. एक लठ्ठ, दमलेला, दुसरा सारखा चष्मा पुसणारा. चहा प्यायले, बूट काढून नुसत्या मोज्यांनिशी बसले, खांबाचं अंतर टेपने मोजून आले. तीनशे चार मीटर निघालं. सासऱ्यांनी पावलांनी मोजलं होतं.

मी ठरवलं होतं की सांगायचं. ओठांवर होतं. वाक्यसुद्धा ठरवलं होतं.

चष्मेवाल्याने योशिनोरींची नोंदवही उघडली आणि मोठ्याने वाचलं, "९.४० – हवेतून विचारणा. खांब दिसत नाही असे कळवले. 'कळलं' असे उत्तर."

मला वाटलं, चुकून दुसऱ्या दिवसाची ओळ वाचली.

"हेलिकॉप्टरचा हवेतला चॅनल वेगळा, तो तळापर्यंत पोचत नाही, मध्ये डोंगर आहे," लठ्ठ माणूस म्हणाला. "माकिउचि-सान बाहेर जाळी सोडवत होते, त्यांनीही ऐकलं नाही. म्हणजे ही एवढीच नोंद. बरोबर ना, ओकामी-सान?"

योशिनोरी चहा ओतत होते. एक थेंब बाहेर पडला नाही.

मी मान हलवली. हो म्हणून हलवली की नुसतीच, ते मला सांगता येणार नाही. त्यांनी ती लिहून घेतली.

ते गेल्यावर मी विचारलं, "असं का लिहिलंत?"

"मग काय लिहायचं? 'माझ्या बायकोने मारलं'?"

त्यांनी माझे हात हातात घेतले, चोळले. हात गार पडले होते. "वाचवलं तुला," ते म्हणाले. "आता त्यात हात घालू नकोस." मग उठताना, वही फळीवर ठेवत, अगदी शांतपणे म्हणाले, "इतकी वर्षं तुझ्या शब्दावर चालायचा ना? आता माझ्या अक्षरावर चालू दे."

ते असं का म्हणाले ते मला नीट कळलं नाही. दमले असतील. पण माझ्यासाठी त्यांनी केवढं मोठं खोटं अंगावर घेतलं! एकवीस वर्षांत मी त्यांना इतकी जवळची कधी वाटले नव्हते.

३ जून, मंगळवार

पाहुण्याने वर्तमानपत्र आणलं. तिसऱ्या पानावर. "इशारा धुडकावून धुक्यात शिरले." खाली हामाजिमा-सानचा फोटो, टोपीतला. डोळे बारीक करून हसताहेत. नुमाता-सानच्या आईने म्हटलंय, "माझ्या मुलाला त्याने बरोबर नेऊन मारलं."

माकिउचि-सान वायरलेसवर म्हणाले, "ओकामी-सान, आम्ही तुमची चेष्टा करायचो. आज तुमच्यासमोर टोपी काढली बघा. दिसत नसेल, पण काढलीय."

"समुद्र दिसतो तुम्हाला, माझी वाकलेली मान नाही दिसली?" असं काहीतरी मी म्हटलं. सगळे हसले. मीही.

१४ जून, शनिवार

हामाजिमा-सानची बायको आली.

नवऱ्याच्या एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी उरकून आली. सहा तास चढून, कुणाचे तरी मोठे बूट घालून, टाचा सोललेल्या. पाठीवर पिशवीत मिठाईच्या पाच पेट्या, प्रत्येक घराला एक. आमचं घर तिसरं. नाव फुमिए. माझ्याच वयाची. मला का कोण जाणे वाटायचं, ती मोठी असेल.

दारातच गुडघ्यांवर बसून तिने कपाळ जमिनीला टेकवलं. "माझ्या नवऱ्याने तुमचं न ऐकून एवढा त्रास दिला. हंगामाच्या तोंडावर. माफ करा."

पाहुणे जिन्यात थांबून बघत होते. मी तिला उठवायला वाकले, तर ती आणखी वाकली. शेवटी आम्ही दोघी जमिनीवर, कपाळं जवळजवळ चिकटलेली.

आत बसवलं. योशिनोरींनी चहा आणला. तिने पेला दोन्ही हातांत धरला, प्यायली नाही.

"एकच विचारायचंय," ती म्हणाली. "त्यांना ऐकू गेलं होतं का? नक्की? घरी ते म्हणायचे, कुराकाकेच्या बाईंनी नाही म्हटलं की मी गाडी वळवतो, विचारसुद्धा करत नाही. मग त्या दिवशीच कसं? कदाचित वायरलेस खरखरत असेल. तुम्ही नाही म्हणालात आणि त्यांना अर्धंच ऐकू आलं असेल. एवढं तुम्ही म्हणालात तर मी नुमाता-सानच्या आईंना सांगेन. त्या मला दारात उभं करत नाहीत. धूपसुद्धा लावू दिला नाही."

मी तोंड उघडलं.

"ऐकू गेलं," योशिनोरी म्हणाले. "'कळलं' म्हणाले. मी स्वतः लिहिलं."

तिने पेला खाली ठेवला. मान दोनदा हलवली, जशी दुकानात माप बरोबर निघाल्यावर हलवतात. "मग त्यांचंच चुकलं," ती म्हणाली.

तिला खांब पाहायचा होता. मी घेऊन गेले. दोघीच. ऊन होतं, कडेने रोडोडेंड्रॉन फुललेले. तिने खांबाला हात लावला. रंग तिच्या तळव्याला थोडा लागला.

"तुमचा मला राग यायचा," ती अचानक म्हणाली. "ते दोन पेट्या घ्यायचे. मोठी इथली, लहान घरची. मी म्हणायचे, डोंगरावरच्या बाईला मोठी आणि मला लहान? ते म्हणायचे, तिला तिथे काहीच मिळत नाही, तुला मी मिळतो." ती हसली. तिच्या पुढच्या दातांत फट आहे. "कशी बाई आहे बघायचं होतं. आज बघितली."

मी म्हटलं, "फुमिए-सान, मी…"

"नको," तिने माझा दंड धरला. "समजूत घालू नका. सगळेच घालतात. त्यांच्याशी खरं बोलणाऱ्या तुम्ही एकट्या होतात. मला तेवढंच पुरे आहे."

मग मी गप्प बसले. तिला तेवढंच पुरे आहे म्हणाली. तेही मी काढून घ्यायचं? माझं मन हलकं करण्यासाठी तिच्या हातातली शेवटची गोष्ट घ्यायची? मी विचार केला आणि मला वाटलं, गप्प बसणं हीच माया.

ती उतरायला लागली तेव्हा मी तिला टाचांना लावायला पट्ट्या दिल्या. तिने वळून तीनदा मान वाकवली. तिच्या पिशवीत अजून दोन घरांच्या पेट्या होत्या.

मिठाई अक्रोडाची आहे. योशिनोरींनी दोन खाल्ल्या.

१८ जानेवारी २०१५, रविवार

खाली गावात. हंगाम कधीच संपला. पत्र लिहून झालं. चार पानं. थर्मास, बूट, योशिनोरींची ओळ, सगळं. फुमिए-सानच्या नावाने.

टपालात टाकायला तीनदा गेले. पहिल्यांदा पेटीपाशी ओळखीचे लोक होते. दुसऱ्यांदा बर्फ पडत होता. तिसऱ्यांदा वाटलं, हे पोस्टमनच्या हातून जाऊ नये. हंगामाच्या पहिल्या हेलिकॉप्टरने पाठवावं, तिथूनच जावं. ते बरोबर दिसतं.

योशिनोरी आजकाल फार गोड वागतात. नव्या हंगामासाठी नवी नोंदवही आणलीय. जाड पुठ्ठ्याची.

१९ एप्रिल २०१५, रविवार

पहिली फेरी. नवा माणूस आला. साकाझुमे, पस्तिशीचा, गालावर तीळ. सकाळी वायरलेसवर म्हणाला, "कुराकाके, खांब? आम्हाला शिकवताना सांगतात, बाकी कुणाचंही अर्धं धरा, कुराकाकेचं आख्खं."

मी बाहेर गेले. दहा श्वास मोजले. खांब लख्ख. "दिसतोय," म्हटलं. इतकं हळू की त्याला पुन्हा विचारावं लागलं.

तो उतरला. पंखे चालूच होते. त्याने सीटमागून एक पेटी काढली. "हामाजिमा-सानच्या घरून. बाईंनी तळावर आणून दिली." पेटी मोठी होती. वर चिठ्ठी, "यंदा घरी एकटीच आहे, म्हणून एकच पेटी घेतली. ती तुमची. उत्तर नको, पण पोचल्या एवढं कळवलंत तर बरं वाटेल. फुमिए."

"काही खाली न्यायचंय?" साकाझुमे ओरडला. "पाच मिनिटं आहेत!"

पत्र माझ्या ॲप्रनच्या खिशात होतं. सकाळपासून. मी खिशात हात घातला. पाकीट माझ्या घामाने मऊ झालं होतं.

योशिनोरी मागे जाळी गुंडाळत होते. हात थांबले नाहीत, नुसती मान वर केली.

मी चिठ्ठीच्याच मागे पेनने लिहिलं, "पोचल्या. फार गोड आहेत." साकाझुमेच्या हातात दिलं. तोपर्यंत मी एकही खाल्ली नव्हती.

उद्या दोन फेऱ्या आहेत. उद्या नक्की देईन. आज घाईत दिलं असतं तर ते फेकल्यासारखं झालं असतं.

संध्याकाळी एक खाल्ली. खरंच गोड होती.

२० एप्रिल, सोमवार

पहाटे आभाळात एक ढग नाही. दगडावर उभी राहिले. दहा श्वास. ताकेबोराचं छप्पर, त्याच्या मागचा कडा, त्याच्याही मागचा. खांब इतका लाल की हात लावला तर रंग लागेल. खिशात पत्र होतं.

"कुराकाके, खांब?"

"नाही," मी म्हटलं.

"अहो ओकामी-सान, इथे तर मी टोपी घालून उन्हात उभा आहे!" माकिउचि-सान ओरडले.

"कुराकाके नाही म्हणतंय, म्हणजे नाही," साकाझुमे म्हणाला. "आज रद्द."

योशिनोरींनी खिडकीतून बाहेर पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. मग नवी नोंदवही उघडून, छापल्यासारख्या अक्षरात, मी सांगितलं तेच लिहिलं.